डिकीवरचा पंख

एप्रिलमधल्या एका रात्री साडेअकराला मामेभावाचा व्हॉट्सॲप आला. फोटोत त्याची गाडी होती आणि डिकीवर खोक्याचा पुठ्ठा कापून, ब्राऊन टेपनं चिकटवलेली एक विंग. पुठ्ठ्यावरचं 'वरची बाजू' हे छापील अक्षर उलटं आलं होतं. खाली लिहिलं होतं, "ताई, हे ॲल्युमिनियममधी करायचं आहे. तू फक्त डिझाइन करून दे, बाकी मी पायतो."

त्याची यवतमाळला आर्णी रोडवर फॅब्रिकेशनची शेड आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट, खिडक्यांचे ग्रिल, वखराचं दांडं मोडलं तर ते जोडून देणं, असली कामं. कापसाला भाव मिळाला की लोक घरं बांधतात आणि ग्रिल लावतात. नाही मिळाला की शेडमध्ये नुसता पंखा फिरतो. गाडी म्हणजे वीस वर्षांहून जुनी होंडा सिटी, व्हीटेक इंजिनवाली. नागपुरातून सेकंडहँड आणलेली. तिला तो स्पोर्ट्स कार म्हणतो. शंभराहून थोडी जास्त अश्वशक्ती, वजन टनभर आणि इंजिन वर चढलं की आवाज बदलतो, म्हणून मीही वाद घालत नाही. ज्यांनी ती गाडी चालवली आहे त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

त्याचा हिशोब साधा होता. नागपूर-अमरावतीचे पोट्टे विंगा ऑनलाइन मागवतात, महाग पडतात, येतात त्या कुठल्याच गाडीला नीट बसत नाहीत. आपण इथंच केल्या तर? आर्गन वेल्डिंगचं मशीन आहे, हात बसलेला आहे, चार महिने काम नाही. आणि घरात एक ताई आहे जी पुण्यात दिवसभर कॉम्प्युटरवर हवाच बघते. हे शेवटचं खरं आहे. गाड्यांभोवतून हवा कशी जाते, कुठे चिकटते, कुठे सुटते, हे गणितानं काढायचं, यावर माझं घर चालतं.

मी "बघते" असं लिहून झोपले. म्हणजे नाही. मराठीत 'बघते'चा अर्थ तोच असतो, आणि हे त्यालाही माहीत होतं. सकाळी सातला फोन आला.

विंग काय करते हे त्याला सांगायला मला फारसं काही लागलं नाही. लहानपणी आम्ही एसटीनं आजोळी जायचो तेव्हा खिडकीबाहेर हात काढायचो आणि कंडक्टर ओरडायचा. हात सपाट धरला तर नुसता थरथरतो. पुढची कड वर केली की हवा हात वर फेकते. पुढची कड खाली केली की हात खाली दाबला जातो. विंग म्हणजे पुढची कड खाली केलेला हात. विमानाचा पंख उलटा करून गाडीवर लावला. फरक इतकाच की घडवलेल्या आकारात खालच्या पोटाकडून हवा जास्त वेगानं जाते, तिथला दाब कमी होतो आणि खरं काम ते पोट करतं. लोकांना वाटतं हवा वरून दाबते. बऱ्याच अंशी ती खालून ओढते. स्पॉयलर म्हणजे वेगळी गोष्ट. तो डिकीच्या कडेला चिकटलेला उंचवटा, जो हवेचा प्रवाह बिघडवतो आणि गाडीचं मागचं उचलणं कमी करतो. आपल्याकडे दोन्हीला सर्रास स्पॉयलरच म्हणतात.

या सगळ्यातली सुंदर गोष्ट अशी की टायर रस्त्याला किती धरतो हे त्याच्यावर किती भार आहे यावर ठरतं, आणि भार वाढवायचा तर एरवी वजन वाढवावं लागतं. वजन वाढलं की वळणावर तेच वजन गाडीला बाहेर खेचतं. विंग वजन फारसं न वाढवता भार वाढवते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटले होते.

पण ती भार किती वाढवते? मी त्याच्यासमोर हिशोब केला. विंग १.४ मीटर रुंद, २५ सेंटीमीटर खोल, आकार बरा, हवा स्वच्छ मिळते असं धरलं. ताशी ८० किलोमीटरला नऊ किलो. त्यातही यवतमाळ समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच, मे महिन्यात पारा ४५ला, म्हणजे हवा पातळ. थंडीतल्या मुंबईत याच विंगला दहा किलोच्या पुढे मिळाले असते.

"नऊ किलो?" तो म्हणाला. "ताई, सिलिंडरमधी गॅस चौदा किलो रायते."

वेग दुप्पट झाला की बल चौपट होतं, म्हणून १२०ला वीस किलो, १६०ला छत्तीस-सदतीस. समृद्धी महामार्गावर गाड्यांना मर्यादाच १२०ची आहे. म्हणजे कायद्यानं जास्तीत जास्त वेगात जाताना त्याच्या विंगचा फायदा, मागच्या सीटवर सहा वर्षांचं एक पोर बसवल्याइतका. शिवाय पुठ्ठ्याची विंग त्यानं लावली होती डिकीच्या अगदी जवळ, जिथं मागच्या काचेवरून घसरत आलेली हवा आधीच विस्कटलेली असते. तिथं नऊसुद्धा मिळणार नाहीत. शिवाय गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. विंग मागच्या ॲक्सलच्याही मागे बसते, त्यामुळे तराजूसारखं पुढचं टोक उचलतं. १२०ला पाच-सहा किलो. फार नाही, पण जी चाकं गाडी ओढतात आणि वळवतात त्यांच्यावरचाच भार ती कमी करते.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग जे म्हणाला त्यावर मी महिनाभर विचार करत होते. "तं मंग बरंच झालं ना. काईच नाई करत तं कोनाचं नुकसान बी नाई करत. दिसाले चांगली दिसते. लोकं दिसाले पैसे देते."

या युक्तिवादात खोट काढणं वाटतं तितकं सोपं नाही. पोळ्याला आपण बैलाची शिंगं रंगवतो, बाशिंग बांधतो, झूल घालतो. त्यानं बैल दोन क्विंटल जास्त ओढत नाही आणि कोणी तसं समजतही नाही. सजावट खोटी नसते, कारण ती काही दावाच करत नाही. ट्रकच्या मागे रंगवलेलं कमळ बघून कोणी ट्रकला तळं समजत नाही. मग डिकीवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीनंच काय घोडं मारलंय? मी पुण्याहून फोनवर हवेच्या घनतेचं भाषण देतेय आणि तो चार महिने रिकाम्या शेडमध्ये बसलाय, हे चित्र मलाही दिसत होतं. ज्यांना गरज नाही त्यांनी उपयुक्ततेचा आग्रह धरायचा, हा आपल्याकडचा जुना उद्योग आहे. माझ्या घरात भिंतीवर जे टांगलंय त्यातलं काहीच काही करत नाही.

तरी झूल आणि विंग एक नाहीत असं मला वाटत राहिलं. झूल घातल्यावर बैलाला आपण जास्त बळकट झालो असं वाटत नाही. विंग लावल्यावर चालवणाऱ्याला वाटतं. हीच तर विकली जाणारी गोष्ट आहे. गाडी जमिनीला धरून राहते, असा निरोप ती रोज मागच्या आरशातून त्याला देते, आणि एखाद्या दिवशी पांढरकवड्याकडच्या हायवेवर तो वळण दहानं जास्त वेगात घेतो, कारण मागे विंग आहे. बघणाऱ्यांना फसवणारी सजावट फारशी धोक्याची नसते. वापरणाऱ्यालाच फसवणारी असते.

मला इथे ऑडी टीटीची गोष्ट आठवते. १९९८मध्ये ती आली तेव्हा तिच्या गोलसर, स्वच्छ आकाराचं फार कौतुक झालं. मागे काहीच लावलेलं नव्हतं. मग जर्मनीत ऑटोबानवर अतिवेगात मागचं टोक हलकं होऊन अपघात झाले, माणसं गेली. कंपनीनं गाड्या परत बोलावल्या आणि डिकीच्या कडेला एक छोटा स्पॉयलर बसवला, सोबत गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. तो तुकडा दिसायला नगण्य आहे. डिझाइनचे चाहते आजही बिनस्पॉयलरची मूळ गाडी जास्त सुंदर म्हणतात, आणि ती आहेच. म्हणजे मागचा तो तुकडा असण्यानं जसं खोटं बोलता येतं तसं नसण्यानंही येतं. मामेभावाला हे मी सांगितलं नाही. त्यानं लगेच 'बघ, लागतेच ना' म्हटलं असतं.

दुसरा मार्ग होता तो म्हणजे विंग खरी करायची. उंच खांबांवर, स्वच्छ हवेत, मोठी. मग ती काही करेल. पण जी काही करते ती तुटूही शकते, आणि तुटते तेव्हा नेमकी तिच्यावर जास्तीत जास्त विसंबलेलं असताना तुटते. १९६६मध्ये अमेरिकेत जिम हॉलच्या चॅपरल गाडीवर खांबांवरची उंच विंग आली, दोन वर्षांत फॉर्म्युला वनवाल्यांनी ती उचलली आणि जो तो आपली विंग आणखी उंच, आणखी बारीक खांबांवर लावू लागला. मे १९६९मध्ये बार्सिलोनाच्या मॉन्जुइक रस्त्यावर शर्यत होती. लोटसच्या दोन गाड्या, एक ग्रॅहम हिलची, एक योखेन रिंटची. एकाच उंचवट्याच्या जवळ आधी हिलची विंग मोडली, मग काही फेऱ्यांनी रिंटची. रिंट जखमी झाला. बरा होताना त्यानं या विंगांविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं. दोनच आठवड्यांनी मोनॅकोच्या शर्यतीत, सराव सुरू झालेला असताना, उंच विंगांवर बंदी आली.

ही गोष्ट इथे थांबली असती तर सोयीचं झालं असतं. पण पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९७०मध्ये, मॉन्झाला सरावात रिंट गेला, आणि त्या दिवशी सरळ रस्त्यावर वेग मिळावा म्हणून त्याच्या गाडीच्या विंगा काढून ठेवलेल्या होत्या. अपघाताचं कारण ब्रेकचा शाफ्ट मोडणं हे मानलं जातं, विंग नसणं नव्हे. मी ही गोष्ट कशाचा दाखला म्हणून वापरू शकत नाही, म्हणून सांगतेय.

मेच्या मध्यावर मी घरी गेले. आईच्या गुडघ्यांचं निमित्त होतं. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले तर पुठ्ठ्याची विंग भिंतीला टांगलेली आणि खाली ॲल्युमिनियमची शीट येऊन पडलेली. म्हणजे त्यानं माझ्या होकाराची वाट बघितलीच नव्हती.

मी चिडले. चिडून म्हणाले की डिझाइन म्हणजे आकार नव्हे, अभ्यासाशिवाय असलं काही करू नये, माणसं मरतात. तो ग्राइंडर खाली ठेवून म्हणाला, "मुन्नाले कोनं डिझाइन करून देल्लं होतं?"

आमच्या जिल्ह्यात हे नाव पुरेसं आहे. बाहेरच्यांसाठी सांगते. महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीचा शेख इस्माईल, घरचे आणि गाव त्याला मुन्ना म्हणत. आठवीपर्यंत शिकलेला, वेल्डिंगचं काम करणारा. त्यानं व्हिडिओ बघून बघून, मारुती ८००चं इंजिन बसवून एक माणूस बसेल असं हेलिकॉप्टर बनवलं. त्याला नावही दिलं होतं, मुन्ना हेलिकॉप्टर. स्वातंत्र्यदिनाला ते लोकांना दाखवायचा बेत होता. त्याआधी काही दिवस, ऑगस्ट २०२१मध्ये, रात्री चाचणी घेताना मागच्या पंख्याचं पातं तुटलं, ते वरच्या मोठ्या पंख्याला लागलं आणि तो पंखा त्याच्या डोक्याला लागला. तो चोवीस वर्षांचा होता.

तो व्हिडिओ तेव्हा सगळ्यांच्या फोनवर आला होता. मी पुण्यात घरून काम करत होते. मी तो एकदा बघितला आणि पहिला विचार जो आला तो सांगायला लाज वाटते: पातं नेमकं कुठून तुटलं असेल. दुसरा विचार आला की हे पातं आधी रिकाम्यानं, भिंतीआड, लांबून फिरवायचं असतं. कारखान्यांत फिरती पाती अशीच तपासतात. माणूस जवळ नसतो, तुटलंच तर भिंत खाते. ही गोष्ट कळायला डिग्री लागत नाही. एक वाक्य आहे. ते वाक्य मला माहीत होतं, माझ्या वर्गातल्या साठ जणांना माहीत होतं, आणि आमच्यातल्या कोणाच्याही ओळखीत फुलसावंगी नव्हतं. यवतमाळ शहरात इंजिनियरिंग कॉलेज आहे, पॉलिटेक्निक आहे. अंतर किलोमीटरचं नव्हतं.

मेलेल्या माणसाची चूक काढणं सोपं असतं आणि त्याला हिरो करणंही. त्या आठवड्यात दोन्ही झालं. अर्धे लोक म्हणाले वेडेपणा, अर्धे म्हणाले या देशात गुणांची कदर नाही. माझ्या भावानं त्यातलं काहीच म्हटलं नव्हतं. तो आज एवढंच विचारत होता की ज्याला कोणी डिझाइन करून देत नाही त्यानं काय करायचं. हातात मशीन आहे, डोक्यात चित्र आहे. थांबायचं? कोणासाठी?

मी नाही म्हटलं असतं तर माझे हात स्वच्छ राहिले असते आणि विंग पुठ्ठ्याच्या मापानं झाली असती. हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. आणि लगेच दुसरंही दिसलं: 'मी नाही केलं तर कोणीतरी करणारच' हे वाक्य दुधात पाणी घालणाऱ्यापासून तोफा विकणाऱ्यापर्यंत सगळे वापरतात. मग माझ्या तोंडी ते खरं आणि त्यांच्या तोंडी सबब, असं कसं? मला सापडलेला फरक फार मोठा नाही. विंग विकत घेणारा निदान स्वतः ठरवून घेतो. पण तिच्या मागून स्प्लेंडरवर जो माणूस येतोय, पुढे टाकीवर पोरगी बसवून, त्याला कोणी विचारलेलं नाही. विंगची कड साधारण त्या पोरीच्या चेहऱ्याच्या उंचीला येते. मी हात घातल्यानं त्या दोघांचा धोका कमी होत असेल तर घालावा. होत नसेल, नुसती माझ्या नावानं विंग जास्त खपणार असेल, तर नाही.

(कायद्याचं विचारलंच कोणी म्हणून: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या नोंदणीतल्या, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं, आणि कलम १८२अ प्रमाणे परवानगीत न बसणारे भाग लावणाऱ्या मालकाला बदलागणिक पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आरसीवर विंगचा रकाना नसतो, यावरून वकील वाद घालू शकतील. भावाचं म्हणणं, "आरटीओ चिमण्या पायते का?" मला कायदा पटतो, पण मी 'नाही' म्हणत होते त्याचं कारण कायदा नव्हता, आणि कायद्याआड लपायची मला इच्छा नव्हती.)

तर मी ड्रॉइंग काढलं. शेडमध्येच, लॅपटॉप ड्रमवर ठेवून. तेव्हा कळलं की आपल्याकडे विंगचा खरा शत्रू वारा नाहीच. विंग, तिचे पाय, बोल्ट सगळं मिळून सहा किलो. गाडी गतिरोधकावरून आदळली की क्षणभर त्या सहाचे तीस होतात. वारा नऊ किलोनं दाबतो, रस्ता तीस किलोनं झटकतो, दिवसातून दोनशे वेळा. ॲल्युमिनियमची एक सवय वाईट आहे. पोलादावरचा ताण एका मर्यादेच्या आत ठेवला तर ते जवळजवळ कायम टिकतं. ॲल्युमिनियम प्रत्येक झटका लक्षात ठेवतं, आणि वेल्डच्या कडेला बारीक भेग धरून बसतं. ती भेग बाहेरून दिसत नाही. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ट्रॉलीचा हुक कुठून जातो ते त्यानं शंभर वेळा बघितलंय. मी गणित सांगत होते आणि तो वेल्ड कुठे घ्यायचा नाही ते बोटानं दाखवत होता, आणि दोघं एकाच जागेवर येत होतो. त्या तासाभरात मी खूश होते, ते लपवत नाही.

पाय जाड पट्टीचे, वेल्डऐवजी बोल्टचे. कडा सगळ्या अंगठ्याएवढ्या गोल. डिकीच्या आतून मोठी पट्टी, नुसते वॉशर नाहीत. मग ड्रॉइंगची पीडीएफ त्याच्या फोनवर पाठवली.

त्यानं ती मोठी करून, इकडून तिकडून सरकवून बघितली. खाली उजव्या कोपऱ्यात थांबला. "ताई, हा चौकोन रिकामा काऊन?"

ड्रॉइंगच्या त्या कोपऱ्यात चौकट असते. कोणी काढलं, कोणी तपासलं, तारीख. ऑफिसात त्या चौकटीशिवाय कागद हलत नाही. मी ती चौकट ठेवली होती आणि माझं नाव पुसलं होतं. कंपनीचे नियम, बाहेरचं काम, वगैरे कारणं माझ्याकडे होती आणि ती खोटी नव्हती. पण पुसताना मी त्यांचा विचार करत नव्हते. मी त्या स्प्लेंडरचा विचार करत होते. विंग तुटली तर कागदावर मी नको.

कॅनडात नवे इंजिनियर एक साधी अंगठी घालतात, १९२५पासूनची प्रथा आहे. ज्या हातानं लिहितो त्याच हाताच्या करंगळीत, म्हणजे सही करताना ती कागदावर घासते. मला कॉलेजात ही गोष्ट जरा नाटकी वाटायची.

मी त्याला म्हणाले, आधी विंग करून बघू, मग नाव टाकते.

चार दिवसांत त्यानं विंग केली. देखणी झाली होती, खोटं कशाला बोलू. डिकीवर बसवल्यावर शेजारचा टायरवाला काम सोडून बघायला आला. आम्ही वाळूची पोती आणली. दहा-दहा किलोच्या पिशव्या भरून विंगवर एकेक ठेवत गेलो. वीस. तीस. चाळीसला काही नाही. तो माझ्याकडे बघून हसला. पन्नासला कुठेतरी 'टक' असा आवाज आला. साठला विंग तशीच होती, पाय तसेच होते, बोल्ट तसेच. डिकीचा पत्रा वाकला होता. दोन्ही पायांच्या भोवती, आतल्या पट्ट्यांच्या कडेनं, पत्रा ताटलीसारखा खोल गेलेला.

आम्ही विंग मजबूत केली होती. तिच्याखालचा पाऊण मिलिमीटरचा पत्रा त्या गाडीच्या कंपनीनं पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून केला होता. त्यावर कोणी काही उभं करेल हे त्यांच्या डोक्यात असायचं कारण नव्हतं.

"आतून चॅनेल टाकू," तो म्हणाला.

"मग डिकीची बिजागरं जातील."

"बिजागरं बी बदलू."

"मग?"

तो पोती उतरवू लागला. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. टायरवाल्यानं चहा सांगितला.

मी चौकटीत नाव टाकलं नाही. त्याऐवजी डिकीच्या कडेला चिकटणारा बोटभर उंचीचा एक स्पॉयलर काढून दिला, वजन किलोच्या आत, त्यावर नाव टाकलं. त्याला तो आवडला नाही. फोटोत दिसत नाही म्हणाला. त्याचे दोन गेले, एक आमच्याच नात्यात. मी त्याला विंगपासून वाचवलं असं मला म्हणता येत नाही. एका हंगामाची कमाई मी अडवली असं तो म्हणू शकतो, म्हणत नाही. ॲल्युमिनियमची ती विंग शेडच्या दारावर लावली आहे, खाली दुकानाचं नाव. आर्णीकडे जाताना डाव्या हाताला दिसते.

दिवाळीनंतर एकदा त्याचा फोन आला. अमरावतीचं एक पोरगं ऑनलाइन घेतलेली विंग घेऊन आलं होतं, बसवून द्या म्हणत होतं. गाडी वेगळी, विंग मोठी.

"मंग?" मी विचारलं. घरच्यांशी बोलताना माझंही 'मंग' होतं.

"मंग काय. म्हटलं आधी पोतं ठेवतो. त्याच्यासमोर ठेवलं. चाळीसलेच वाकलं."

"काय म्हणाला?"

"म्हणते राहू द्या, लावा, मी हळू चालवतो." मागे ग्राइंडरचा आवाज येत होता. "ताई, लावून देऊ का?"